भूल नको असल्याचा दाखला

वेदनातज्ज्ञांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" आणि निरीक्षकांनी उलट विचारलं, "दहा म्हणजे काय?" पुढचे सगळे घोटाळे या एका प्रश्नातून निघाले. पण त्यात आपला काही दोष होता असं निरीक्षकांना आजही वाटत नाही.

निरीक्षक म्हणजे वजन-मापं खात्याचे निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूंवर अविश्वास दाखवण्यात काढली होती. किलोचं वजन झिजून नऊशे नव्वद ग्रॅमचं झालंय का, लिटरचं माप तळाशी ठोकून आत घेतलंय का, हे पाहायचं. बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर माल पेटीत भरून उचलायचा. बाजारात त्यांना पाठीमागे 'ग्रॅमसाहेब' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

चार महिन्यांपूर्वी एका मोठ्या काट्याखाली वाकून ते आतली स्प्रिंग पाहत होते. उठताना कमरेतून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून, पोटरीवरून, थेट डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत गेली. तेव्हापासून वाकणं बंद. आणि न वाकता हे काम होत नाही, कारण जगातले सगळे लबाड काटे जमिनीलगतच ठेवलेले असतात. ऑफिसने त्यांना टेबलापाशी बसवून शिक्के मारायला दिले. बाजारात आता त्यांच्या जागी एक सहकारी जात होता, आणि तो पाच ग्रॅमच्या फरकाला 'जाऊ द्या हो' म्हणायचा. निरीक्षकांना पायापेक्षा हे जास्त दुखत होतं.

तर वेदनातज्ज्ञ म्हणाले, "दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल अशी सगळ्यात भयंकर वेदना."

"कुणाच्या कल्पनेतली?"

"तुमच्याच."

"मग उद्या माझी कल्पना वाढली, तर आजचे सहा उद्या चार होतील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते सालस गृहस्थ होते. बाहेर बावीस माणसं कण्हत बसलेली असतानाही त्यांनी समजावून सांगितलं. कण्यातून निघणारी एक नस दबलेली आहे. पण पायाकडे जाणाऱ्या नसा शेजारी-शेजारी राहतात, त्यातली गुन्हेगार कोण हे नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून संशय असलेल्या नसेपाशी सुईने औषध सोडायचं आणि ती काही तास बधीर करायची. दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं, तर तीच नस. नाही उतरलं, तर ती निर्दोष, दुसरी शोधायची. पुढचे खरे उपचार मग सापडलेल्या नसेवर.

"म्हणजे मी आकडा चुकीचा सांगितला," निरीक्षक म्हणाले, "तर तुम्ही निर्दोष नसेवर उपचार कराल."

"होऊ शकतं तसं," डॉक्टर म्हणाले. त्यांना हे इतक्या उघड कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"आणि भूल?"

"या तपासणीला नको. वरची कातडी तेवढी बधीर करू. तुम्ही जागे हवेत. फारच भीती वाटत असेल तर थोडी गुंगी देता येते."

निरीक्षक घरी आले ते दोन गोष्टी मनात घेऊन. एक म्हणजे 'भीती' हा शब्द. दुसरी म्हणजे खात्याच्या तिजोरीत मखमलीवर ठेवलेली प्रमाण वजनं. किलोचं मूळ तिथे असतं, मीटरचं मूळ तिथे असतं. दुखण्याचं मूळ कुठे ठेवलंय?

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "तुम्ही सरळ पूर्ण भूल घ्या."

"अगं, मला गरज नाही म्हणाले ते."

"तुम्हाला नसेल. डॉक्टरांना आहे. तुम्ही जागे राहिलात तर सुई टोचू द्याल का त्यांना? आधी सुईची लांबी मोजाल."

निरीक्षकांनी या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. सुईची लांबी त्यांनी आधीच विचारली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला हात घातला. माप नसेल तर माप तयार करायचं, हा खात्याचा बाणा. इमारतीत नऊ बिऱ्हाडं होती आणि प्रत्येक बिऱ्हाडात कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखून गेलेलं होतं. निरीक्षक कंबर धरून, पॅड आणि पेन्सिल घेऊन जिना चढले. सुरुवात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांपासून. त्यांचा पायाचा अंगठा वाताने सुजायचा.

"चादरीचा काठ लागला तरी ब्रह्मांड आठवायचं," पोस्टमास्तर म्हणाले.

"ब्रह्मांड म्हणजे किती?"

"आता ब्रह्मांड म्हणजे... ब्रह्मांडच ना."

इथे पहिली अडचण आली. लोक दुखणं आकड्यात सांगतच नव्हते. कुणाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, कुणाचा जीव टांगणीला लागला होता, कुणी गडाबडा लोळलं होतं. निरीक्षकांना मग रूपांतराचा वेगळा तक्ता करावा लागला. काजवे म्हणजे पाच, लोळणं म्हणजे सात, ब्रह्मांड आठ. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या नखातून एकदा मशीनची सुई आरपार गेली होती. त्या म्हणाल्या, माझी तर पाचावर धारण बसली. निरीक्षक पाच लिहिणार होते. मग विचार करून त्यांनी ते खोडलं, कारण धारण ही भीतीची असते, दुखण्याची नव्हे, आणि दोन वेगळी मापं एका रकान्यात घालता येत नाहीत. शिवणवाल्या बाईंना वाटलं आपल्याला शून्य दिलं. त्या रागावल्या.

दुसरी अडचण दहाच्या जागेसाठी आली. तळमजल्यावर गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ राहत. त्यांना मुतखडा होऊन गेला होता. "दहा," ते म्हणाले. "लिहून घ्या आणि खाली रेघ मारा." हे जिन्यात चाललेलं बोलणं दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईने ऐकलं. ती पाण्याची बादली तशीच ठेवून कठड्याशी आली.

"मुतखड्याला दहा? मग मला किती देणार? एकोणीस तास, आणि दोन."

"बाई, मुतखडा तुम्हाला झालेला नाही," शिकवणारे म्हणाले.

"आणि तुम्हाला जुळी झालेली नाहीत. शिवाय तुमचा खडा पडला आणि संपला. माझे दोन्ही घरात आहेत, आणि गणितात नापास होतायत."

निरीक्षकांनी खात्याच्या रिवाजाप्रमाणे मधला मार्ग काढला. त्यांनी तात्पुरता तक्ता करून जिन्याखालच्या फळ्यावर लावला आणि सात दिवसांत हरकती मागवल्या. माणसाने आयुष्यात काही चुका अजाणता कराव्यात, पण हरकती कधी मागवू नयेत. सात दिवसांत सतरा आल्या. ज्यांची नोंद होती त्यांना आकडा वाढवून हवा होता, ज्यांची नव्हती त्यांना दाढा, कान आणि भाजलेले हात आठवू लागले. पोस्टमास्तरांनी तीन पानी निवेदन दिलं. ब्रह्मांडाला आठ, पण ते फक्त चादर लागल्यावर, एरवी चार, म्हणून निरीक्षकांनी सरासरी सहा धरली होती. "माझ्या अंगठ्याची सरासरी काढणारे तुम्ही कोण?" हे निवेदनाचं शेवटचं वाक्य. त्या दिवसापासून पोस्टमास्तरांनी आपला पेपर खाली वाचायला पाठवणं बंद केलं.

आठवड्याअखेर निरीक्षकांकडे चौतीस दुखण्यांचा तक्ता होता, इमारतीत तीन घरं त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि दहा म्हणजे काय ते अजून ठरलेलं नव्हतं. बायकोने फळ्यावरचा कागद एका दुपारी काढून आणला आणि कपाटात खालच्या कप्प्यात घातला. निरीक्षकांना वाकता येत नसल्यामुळे तो विषय तिथे संपला.

आता इस्पितळ.

इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. "भूलतज्ज्ञांची सही नाही."

"मला भूल नकोय."

"म्हणूनच तर. भूल नको, यावर त्यांची सही लागते. भूल नको असल्याचा दाखला."

निरीक्षकांनी स्वतः सरकारी नोकरीत जन्म घालवलेला. त्यांना यात वावगं काही दिसलं नाही. उलट ही मंडळी काटेकोर आहेत म्हणून बरंच वाटलं. "ठीक. त्यांच्याकडचा नंबर द्या."

"भूल हवी असेल त्यालाच त्यांचा नंबर मिळतो."

"आणि नको असेल त्याला?"

"त्याला कशाला हवा नंबर?" कारकून म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्यासमोर खरोखरच तसा नियम होता, काचेखाली.

रांगेतली मागची बाई म्हणाली, "अहो, 'हवी' वर खूण करा, आत जा आणि 'नको' म्हणा. सगळे तसंच करतात." निरीक्षकांनी एकतीस वर्षांत कागदावर खोटी खूण केलेली नव्हती. ते खिडकीपाशी इतका वेळ उभे राहिले की रांगेतल्या लोकांना त्यांना काही झालंय असं वाटलं. शेवटी पायातली कळ करंगळीला पोचली, आणि त्यांनी 'पूर्ण भूल हवी' यापुढे खूण केली. पेन्सिलीने करून पाहिली. कारकुनाने पेन दिलं.

भूलतज्ज्ञ बाईंची खोली लांब बोळाच्या टोकाला होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर श्वासनलिकेचं चित्र आणि कोपऱ्यात माणसं तोलायचा काटा. निरीक्षकांची नजर सवयीने तिकडे गेली. काट्यावर कुणीही उभं नव्हतं आणि काटा दीड किलो दाखवत होता.

"तुमच्या काट्याला पासंग आहे," ते बसायच्या आधीच म्हणाले. "दीड किलो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी दीड वजा करते. वजनावर औषध ठरतं, तिथे चुकून चालत नाही. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं फिरतोय." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रोज वीस पेशंट या काट्यावर उभे राहतात. आजवर कुणी हे पाहिलं नव्हतं. तुम्ही कोण?"

निरीक्षकांनी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं, आणि खोट्या खुणेबद्दल माफी मागितली. त्यानंतर मात्र त्यांना राहवेना. इथे एक अशी बाई बसली होती की जिचं कामच माणसांचं दुखणं बंद करण्याचं होतं. त्यांनी विचारायला सुरुवात केली. बधीर करणं, गुंगी आणि पूर्ण भूल यांत फरक काय? पूर्ण भुलीत माणूस झोपतो की नुसता नसतो? दुखणं तेव्हा होतं आणि कळत नाही, की होतच नाही?

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "घर समजा. बधीर करणं म्हणजे एका खोलीतला दिवा घालवला, बाकी घर चालू. गुंगी म्हणजे सगळे दिवे मंद केले. हाक मारली तर ओ येते. पूर्ण भूल म्हणजे मेन स्विच. आणि तो बंद आहे तोवर मी मीटरजवळून हलत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब सगळं माझ्याकडे. बाकी तुम्ही विचारलेलं शेवटचं, ते मलाही नीट माहीत नाही. मी चोवीस वर्षं त्याचा विचार करतेय."

"मग मला एकाच खोलीपुरतं का म्हणतात? बायकोचं म्हणणं मेन स्विचच बंद करा."

"सुई नसेच्या अगदी जवळ जाते. चुकून नसेतच गेली तर जागा माणूस लगेच ओरडतो. झोपलेला ओरडत नाही. तुमचं 'आई गं' हे त्या खोलीतलं एक यंत्र आहे, आणि ते चालू लागतं. शिवाय दुखणं किती उतरलं हे गुंगीतला माणूस धड सांगत नाही. तो प्रत्येक गोष्टीला छान म्हणतो."

तेव्हा निरीक्षकांनी मनातली खरी अडचण काढली. आकडा. दहा म्हणजे काय ते ठरत नाही, आणि ठरल्याशिवाय सहा सांगणं म्हणजे बेकायदा वजन वापरणं. त्यांनी चौतीस दुखण्यांची हकिगतही सांगितली. बाई जुळ्यांच्या आईपाशी हसल्या, पण पुढचं शांतपणे ऐकलं.

"तो काटा," त्या म्हणाल्या, "समजा, तुम्ही काल त्यावर उभे राहिलात आणि आज उभे राहिलात. तुम्ही किती वजन उतरवलं, ते बरोबर सांगेल की चूक?"

निरीक्षक काट्याकडे पाहत राहिले. काल दीड जास्त, आज दीड जास्त. वजाबाकी केली की दीड निघून जातो.

"बरोबर सांगेल," ते हळूच म्हणाले.

"मग तुमचा सहा खरा सहा आहे की नाही, याच्याशी डॉक्टरांना कर्तव्य नाही. तुमचा काटा दुसऱ्याच्या काट्याशी लावायचाच नाही. सुईच्या आधी किती आणि नंतर किती, एवढंच. फक्त दोन्ही वेळा काटा तोच हवा, आणि माणूस खरं बोलणारा."

चाळीस मिनिटांनी निरीक्षक बाहेर आले. हातात दाखला होता: 'रुग्णास भूल नको. रुग्ण जागा राहण्यास योग्य.' निघताना बाई म्हणाल्या होत्या, "इतके प्रश्न मला कुणी विचारत नाही. माझे पेशंट मला पाच मिनिटं भेटतात आणि मग झोपतात. उठल्यावर सर्जनचे आभार मानतात." निरीक्षकांनी तो दाखला बसमध्ये तीनदा वाचला. त्यांच्याविषयी इतकं चांगलं खात्याने कधी लिहिलं नव्हतं.

पण कागदाची एक गंमत असते. 'नको'चा दाखला त्यांच्या खिशात होता, आणि 'हवी'ची खूण इस्पितळाच्या वहीत. ठरलेल्या दिवशी सकाळी नर्सबाई यादी घेऊन आल्या त्या 'पूर्ण भूल' वाचतच. पाठीमागे नाड्या असलेला झगा घालायला दिला. त्या झग्यात शिरलेल्या माणसाला मान अशी उरत नाही. निरीक्षक भिंतीला पाठ लावूनच बोलत होते.

"मला भूल नाहीये. माझ्याकडे दाखला आहे. शर्टाच्या खिशात."

शर्ट बायकोकडच्या पिशवीत होता.

"अगं, तो दाखला दे जरा."

"कुठला दाखला?" बायको म्हणाली. तेवीस वर्षांच्या संसारात इतका निष्पाप चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. "बाई, यादीत लिहिलंय ना, मग द्या तुम्ही."

चाकांच्या खाटेवर आडवं करून त्यांना बोळातून नेलं. निरीक्षक छताकडे बघत 'मी जागा राहण्यास योग्य आहे' असं सांगत होते. ढकलणारा माणूस म्हणाला, सगळे असंच म्हणतात, काही कळत नाही बघा. दाराशी हिरव्या टोपीतली, तोंड बांधलेली एक बाई वाकली. "हे तर आमचे दीड किलोवाले," ती म्हणाली. "यांना नको म्हणून मी सही दिलीय. यादी कुणी केली?"

तेव्हा मागून चालत आलेल्या बायकोने पिशवी उघडली आणि घडी घातलेला कागद काढला. "हा का तो," ती म्हणाली. मग निरीक्षकांकडे न बघता म्हणाली, "तुम्ही ओरडलात तर मला बाहेर ऐकू येईल. म्हणून."

निरीक्षकांनी रागावण्यासाठी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. "हळू ओरडेन," ते म्हणाले.

आत त्यांना पालथं झोपवलं. चेहऱ्यासाठी टेबलाला खिडकी होती, त्यातून फरशी आणि डॉक्टरांचे बूट दिसत होते. वर कमानीसारखं एक्स-रेचं यंत्र. पाठीवर गार काहीतरी फासलं.

"आधीचा आकडा?"

"सहा. माझ्या काट्याने."

"आता मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"काळी की लाल?"

बूट क्षणभर थांबले. "लाल."

लालच होती. मग तिथली कातडी आपली राहिली नाही. कुणीतरी गादीवरून बोट दाबावं तसा नुसता दाब. निरीक्षक मोठ्या औत्सुक्याने पुढच्या सुईची वाट पाहत होते, आणि ती आली ती वाजत-गाजत. कंबर, मांडी, पोटरी, करंगळी.

"हाच," ते ओरडले, आणि ते मुळीच हळू नव्हतं. "हाच तो. याच रस्त्याने जातो."

"हलू नका. सुई जराशी मागे घेतो." मग एक ऊब पसरली. पाय दूर कुठेतरी निघून चालल्यासारखा झाला.

वीस मिनिटांनी त्यांना शेजारच्या खोलीत उभं करून डॉक्टरांनी आकडा विचारला. निरीक्षकांनी खोकून पाहिलं. ते खुर्चीत बसले, उठले. चार महिन्यांत प्रथमच वाकले. कुठे काही नव्हतं. करंगळी गप्प होती.

"अर्धा," ते म्हणाले.

"अर्धा कुठे दुखतंय?"

"दुखत नाहीये. पण शून्य मी आजवर कुठल्याच काट्याला लिहून दिलेलं नाही."

डॉक्टरांनी अर्धा लिहिला, पाय काही तास जड राहील, एकट्याने चालू नका, असं सांगितलं आणि ते गेले. खोलीच्या कोपऱ्यात एक वजनकाटा होता. आता तुम्हीच सांगा, चार महिने वाकायला न मिळालेला माणूस, समोर काटा, आणि खोलीत कुणी नाही. निरीक्षक उठले, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला डावा पाय कामावर आलाच नाही. ते झग्यासकट काट्याशेजारी फरशीवर बसले.

नर्सबाई धावत आल्या. रुग्ण पडला की वेगळा फॉर्म असतो. "पडलात?"

"नाही. तपासणीसाठी बसलो."

"मग उठा."

निरीक्षकांनी प्रयत्न करून पाहिला. "पडलो असं लिहा," ते म्हणाले.

घरी सोडताना त्यांना कागद दिला. दर अर्ध्या तासाने आकडा लिहायचा. औषधाचा असर पाच-सहा तासांत उतरेल आणि दुखणं परत येईल. यायलाच हवं.

दुपारभर निरीक्षक खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात घड्याळ. खबर इमारतीत पसरली होती. न बोलणारी तीनही घरं बोलायला आली, कारण रुसवा धरून माणसाला बातमी मिळत नाही. साडेबारा, अर्धा. दोन, अर्धा. साडेतीन, एक. चार वाजता पाय हलू लागला, आणि साडेचारला निरीक्षक एकदम ताठ बसले.

"आलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "पोटरीपर्यंत आलं. तीन."

शिवणवाल्या बाईंनी हळहळून च्‌ च्‌ केलं. पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे इंजेक्शन फुकट."

"फुकट कसं? त्याच रस्त्याने आलं. नस बधीर होती तोवर गप्प, जागी झाली की हजर. गुन्हेगार तीच. आता खात्री झाली." पाच वाजता त्यांनी पाच लिहिले, साडेपाचला करंगळीसकट सहा, आणि सहाच्या खाली रेघ मारली. दुखणं परत आल्याबद्दल इतका आनंद झालेला माणूस त्या जिन्याने पाहिला नव्हता. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर 'उत्तम' म्हणाले आणि पुढच्या उपचाराची तारीख दिली. त्या दिवशी मात्र थोडी गुंगी देऊ, म्हणाले. निरीक्षकांनी लगेच विचारलं की गुंगीत घड्याळ दिसेल का.

मंडळी गेली. बायको कप गोळा करू लागली. दिवसभर हातात घड्याळ, समोर कागद आणि अंगात दुखणं नाही, अशा अवस्थेत निरीक्षकांचं लक्ष पहिल्यांदाच स्वतःच्या पायावरून उठून खोलीभर फिरलं होतं, आणि त्याला काही दिसलं होतं. बायको खुर्चीतून उठताना एक हात टेबलाच्या कडेला लावायची, दुसरा उजव्या गुडघ्यावर, आणि उठल्यावर लगेच चालायची नाही. मनात तीन आकडे होतील इतकी थांबायची. दिवसात अकरा वेळा. आता ती बारावी वेळ होती.

"दहापैकी किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"गुडघा."

"काही नाही हो. जरा."

"जरा हे माप नाही."

ती कप हातात घेऊन उभी राहिली. मग खरोखर विचार करून म्हणाली, "बसलेली असताना दोन. उठताना पाच. जिन्याला सात, पण तेही वरच्या चार पायऱ्यांनाच."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तुमच्या कमरेच्या आधीपासून. मग तुमचंच एवढं चाललेलं, त्यात माझं काय सांगायचं."

पॅड घेऊन आपण नऊ घरांचे जिने चढलो-उतरलो, असं निरीक्षक समजत होते. आता मोजलं तर आठच भरत होती.

बायको आत गेली आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. घरात पिशवी एकच. "घ्या, कंबर शेका."

"तू घे."

"तुमचे सहा झालेत ना? माझे पाच. मग तुमचीच."

निरीक्षक टेबलाला धरून उठले, कळ करंगळीपर्यंत जाऊ दिली, आणि तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं.

"तुझा काटा कमी दाखवतो," ते म्हणाले, आणि पिशवी तिच्या गुडघ्यावर ठेवली. मग स्टूल ओढून शेजारी बसले, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला वेळ लिहिली.

"आता मला दर अर्ध्या तासाने विचारणार का?" तिने विचारलं.

"दर अर्ध्या तासाने."

"बरं," ती म्हणाली, आणि पाय लांब करून मागे टेकली.